बेट, भाडेपट्टा आणि उद्याचा भरवसा



बँकेत कर्जाचा प्रस्ताव समोर आला की अधिकारी प्रथम दोन गोष्टी पाहतो. मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, आणि तीवर कोणाचा बोजा आहे. अर्जदार कितीही सज्जन असो, त्याची योजना कितीही उत्तम असो, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतील तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. निसर्गसंवर्धनाचा विचार करताना मात्र हे प्रश्न क्वचितच कोणी विचारते. झाडे लावा, पक्षी वाचवा, किनारे स्वच्छ ठेवा असे आवाहन सर्वत्र होते; परंतु ज्या जमिनीवर झाड लावायचे ती कोणाची, आणि झाड मोठे होईपर्यंत लावणारा तेथे राहू शकेल काय, याची चौकशी होत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका चिमुकल्या बेटाने ही चौकशी केली आणि तिचे उत्तरही स्वतःच शोधले. या वेळच्या लेखात त्या बेटाची हकिकत सांगण्याचा विचार आहे.

बेटाचे नाव एग. मॅलेग या बंदरातून बोटीने तेथे जातात. लांबी सुमारे ९ किलोमीटर, रुंदी ५ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस किलोमीटर. बेटाच्या दक्षिण भागात अन स्गूर नावाचा ३९३ मीटर उंचीचा काळा कडा उभा आहे. प्राचीन ज्वालामुखीच्या काचेसारख्या खडकाचा तो बनलेला आहे. एका किनाऱ्यावरील वाळू कोरडी असताना पायाखाली चक्क आवाज करते, म्हणून त्या वाळूला 'गाणारी वाळू' म्हणतात. आकाशात सोनेरी गरुड, खडकांत पाणमांजरे आणि उन्हाळ्यात भोवतालच्या समुद्रात देवमासे अशी तेथील निसर्गसंपदा आहे. ह्यू मिलर या भूगर्भशास्त्रज्ञाला १८४४ मध्ये या बेटावर प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म सापडले होते. अशा या बेटावर एके काळी पाचशेच्या घरात माणसे राहत. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची संख्या पासष्टच्या आसपास उरली होती.

एवढी माणसे गेली कोठे, याचे उत्तर मालकीच्या इतिहासात मिळते. शतकानुशतके हे बेट क्लॅनरॅनल्ड या सरदार घराण्याकडे होते. १८२८ मध्ये ते विकले गेले आणि तेव्हापासून एका खाजगी मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. बेट विकले जाई याचा अर्थ डोंगर, कुरणे, घरे आणि त्यांत राहणारी कुळे या सर्वांचा मालक एका सहीनिशी बदलत असे. १८५३ मध्ये मेंढपाळीसाठी मोकळी जमीन हवी म्हणून ग्रूलिन या वस्तीतील १४ कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांतील बहुतेकांनी अटलांटिक ओलांडून कॅनडातील नोव्हा स्कोशिया गाठले. त्या घरांच्या दगडी भिंतींचे अवशेष अन स्गूरच्या पायथ्याशी आजही दिसतात.

पुढील काळातले सर्वच मालक वाईट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९२५ ते १९६६ या काळात बेट ज्या कुटुंबाकडे होते, त्याच्या व्यवस्थेविषयी बेटकरी आजही बरे बोलतात. परंतु दोष व्यक्तीपेक्षा व्यवस्थेत होता. चांगला मालक लाभणे हा नशिबाचा भाग होता आणि नशीब हे कोणत्याही बँकेत तारण म्हणून चालत नाही. १९७५ नंतरच्या दोन दशकांत तर ही अस्थिरता पराकोटीला पोहोचली. अनेक रहिवाशांकडे घराचा वा शेताचा दीर्घ मुदतीचा लेखी भाडेपट्टाच नव्हता. मालकाची मर्जी असेतोवर राहायचे, एवढाच त्यांचा अधिकार.

येथे बँकेच्या चष्म्यातून थोडे पाहू. भाडेपट्टा नाही, म्हणून घर दुरुस्तीसाठी कर्ज नाही. शासकीय अनुदानाच्या योजनांनाही जागेवरील हक्काचा कागद लागतो, म्हणून अनुदानही नाही. छत गळते आहे, परंतु स्वतःच्या खिशातून दुरुस्त करावे तर उद्या घर सोडावे लागले की केलेला खर्च दुसऱ्याचा होणार. मग छत तसेच गळू द्यायचे. हाच हिशेब जमिनीलाही लागू होतो. कुंपण घालून कोवळी रोपे जनावरांपासून वाचवली, तर त्यांची सावली पडायला वीस वर्षे लागतात. ज्याला पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, त्याने वीस वर्षांनंतरच्या सावलीसाठी का खपावे? माणसाला निसर्गाविषयी प्रेम नसते असे नव्हे. प्रेमाला मुदत मिळत नाही. एगची जुनी वने खुरटली, घरे ढासळली, आणि तरुण मुख्य भूमीकडे निघून गेले, या तीन गोष्टींचे मूळ एकच होते.

१९९१ मध्ये काही विचारवंतांनी पुढाकार घेऊन या बेटासाठी एक न्यास स्थापन केला. लेखक आणि विचारवंत अलेस्टर मॅकिन्टॉश हे त्यांपैकी एक. बेट विकत घेऊन ते तेथील लोकांच्या हाती द्यावे, अशी त्यांची कल्पना होती. त्या वेळी ती अनेकांना स्वप्नरंजन वाटली, कारण न्यासाजवळ पैसा नव्हता आणि मालकाला विकायचे नव्हते. १९९५ मध्ये मालकाने बेट विकले खरे, पण ते एका जर्मन चित्रकाराला. त्याने मोठमोठ्या योजना जाहीर केल्या. प्रत्यक्षात काही उभे राहिले नाही. एवढेच नव्हे, तर त्याने बेट तारण ठेवून कर्ज उचलले होते आणि ते फिटत नव्हते.

वाचकहो, क्षणभर या गोष्टीचा विचार करा. ज्या घरात आपण राहतो, ज्या विहिरीचे पाणी पितो, ज्या टेकडीवर आपले पूर्वज पुरले आहेत, ते सर्व कोणा दूरच्या धनकोकडे कोणाच्या तरी खाजगी कर्जापोटी गहाण आहे, आणि त्याबाबत आपल्याला कोणी विचारलेलेही नाही. धनकोने वसुलीसाठी पाऊल उचलले आणि बेट पुन्हा बाजारात आले. मात्र यामुळेच बेटकऱ्यांना संधी मिळाली.

रहिवाशांची संघटना, हायलँड कौन्सिल हे स्थानिक शासन आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट ही निसर्गसंस्था, असे तिघे एकत्र आले आणि त्यांनी 'आयल ऑफ एग हेरिटेज ट्रस्ट' उभारला. लोकवर्गणीचे आवाहन झाले. सुमारे १० हजार लोकांनी लहानमोठ्या रकमा पाठविल्या. त्यांत बहुसंख्य असे होते की ज्यांनी हे बेट कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. एका स्त्रीने फार मोठी देणगी दिली. नाव उघड करायचे नाही, ही तिची एकच अट होती आणि ती पाळली गेली. सरकारी पैशाचा वाटा नगण्य होता. १५ लाख पौंडांना व्यवहार ठरला आणि १२ जून १९९७ रोजी बेट न्यासाच्या नावावर झाले. दर वर्षी जूनमध्ये बेटकरी त्या दिवसाची आठवण गाण्या-नाचण्याने साजरी करतात.

खरेदी ही वर्तमानपत्रांची बातमी होते. खरी परीक्षा खरेदीनंतर असते. आपल्यापैकी अनेक जण कोणत्या ना कोणत्या विश्वस्त संस्थेत काम करीत असतील, त्यांना एगच्या न्यासाची रचना अभ्यासण्यासारखी वाटेल. संचालक मंडळावर चार जण रहिवाशांतून निवडलेले, दोन स्थानिक शासनाचे, दोन निसर्गसंस्थेचे आणि अध्यक्ष त्रयस्थ. रहिवासी चार आणि इतर दोन घटक मिळून चार. अर्थात केवळ गावकऱ्यांच्या सोयीने निसर्गावर घाला घालता येत नाही, आणि केवळ पक्ष्यांच्या नावाने गावकऱ्यांना हुसकावता येत नाही. दोहोंना एकमेकांचे ऐकून घ्यावेच लागते. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे न्यासांचा कारभार पाहणाऱ्यांना ठाऊक असेल. पद्धत निराळी असली तरी हेतू एकच : पिढ्यांसाठी ठेवलेली वस्तू एखाद्याच्या तत्कालिक गरजेपायी हातची जाऊ नये.

न्यासाने पहिले महत्त्वाचे काम कोणते केले असेल? वृक्षारोपणाचा सोहळा नव्हे. ज्यांना भाडेपट्टे नव्हते त्यांना ते करून देण्याचे, आणि मोडकळीस आलेली घरे दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. १९९८ मध्ये धक्क्याजवळ एक इमारत उभी राहिली. तीत दुकान, टपाल कचेरी, चहाची खोली आणि हस्तकलेच्या वस्तूंची विक्री सुरू झाली. त्या काळी मुख्य भूमीवरून येणारी बोट धक्क्याला लागत नसे. प्रवासी, सामान, जनावरे हे सर्व भर समुद्रात लहान होडीत उतरवून किनाऱ्यावर आणावे लागे. २००४ मध्ये नवा धक्का झाला तेव्हा ही यातायात संपली.

निसर्गाचे काम या पायावर उभे राहिले. बेटावरील काही भाग विशेष वैज्ञानिक महत्त्वाची स्थळे म्हणून संरक्षित आहेत. निसर्गसंस्था १९९७ पूर्वीपासून तेथे काम करीत होती, परंतु आता तिच्याबरोबर जमिनीचा मालक आणि रहिवासी एकाच बाजूला उभे राहिले. हेझेलच्या जुन्या झाडीभोवती चराईवर नियंत्रण आले, स्थानिक जातींची रोपे लावली गेली, माजलेले नेचे आवरण्यात आले. जुन्या परदेशी शंकुवृक्षांच्या लागवडी टप्प्याटप्प्याने तोडून त्यांच्या लाकडावर घरे ऊबदार ठेवायची आणि मोकळ्या झालेल्या जागी देशी वृक्ष लावायचे, असा क्रम बसला. झाडाची रोपवाटिकाही बेटावरच आहे. म्हणजे जंगलाचे संवर्धन, हिवाळ्यातील सरपण आणि दोन-चार जणांचा रोजगार ही तिन्ही कामे एकाच खात्यात जमा झाली. पाहुण्यांनी मोटार घेऊन बेटावर येऊ नये, असाही दंडक आहे. चालत किंवा सायकलवर फिरावे.

या बेटाची सर्वाधिक ख्याती झाली ती विजेमुळे. मुख्य भूमीवरील विजेच्या जाळ्याशी एग जोडलेले नाही. २००८ पर्यंत घरोघरी डिझेलचे जनित्र असे; आवाज, धूर, खर्च आणि रात्री ते बंद केल्यावर अंधार. १ फेब्रुवारी २००८ पासून बेटाची स्वतःची वीजव्यवस्था सुरू झाली. ओढ्यांवरील लहान जलविद्युत यंत्रे, चार छोट्या पवनचक्क्या आणि सौर पटले असे तीन स्रोत त्यांनी एकत्र जोडले. हिवाळ्यात वारा आणि पाणी, उन्हाळ्यात ऊन, अशी ऋतूंनी आपापसांत पाळी वाटून घेतली. साठवणुकीस बॅटऱ्या आणि अडीअडचणीला डिझेलचे जनित्र ठेवलेले आहे. वर्षाकाठच्या गरजेचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग नैसर्गिक स्रोतांतून भागतो. वाऱ्यापावसाच्या दिवसांत वीज जास्त झाली तर ती वाया न घालवता सार्वजनिक इमारती उबदार करण्यास वापरतात.

परंतु माझ्या मते या योजनेचे मर्म यंत्रांत नसून एका नियमात आहे. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० किलोवॅट, याहून अधिक वीज ओढता येत नाही. मर्यादा ओलांडली की त्या घराची वीज खंडित होते आणि ती पुन्हा सुरू करून घेण्यास शुल्क भरावे लागते. घर मोठे असो वा लहान, मालक धनवान असो वा बेताचा, मर्यादा सारखीच. किटली, कपडे धुण्याचे यंत्र आणि शेगडी एकाच वेळी चालू करायची नाही, हे घरातील लहान मुलेही जाणतात. हा नियम कोणा मंत्रालयाने लादलेला नाही. रहिवाशांनी सभेत बसून, सर्वांना पुरेल एवढी वीज निर्माण करायला किती भांडवल लागेल याचा हिशेब मांडून, स्वतःवर घालून घेतला. मर्यादा नसती तर यंत्रणा कितीतरी मोठी उभारावी लागली असती, खर्च वाढला असता आणि ओढ्यांवर व डोंगरावर अधिक आघात झाला असता. २०१० मध्ये ब्रिटनमधील 'बिग ग्रीन चॅलेंज' या स्पर्धेत एगला संयुक्त विजेतेपद आणि ३ लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले, तेव्हा या सामुदायिक शिस्तीचीच दखल घेतली गेली असे म्हणावे लागेल.

एग हे एकाकी उदाहरण नाही. त्यापूर्वी १९९३ मध्ये वायव्य स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील अॅसिंट भागातील लहान शेतकऱ्यांनी सुमारे २१ हजार एकर जमीन एकजुटीने विकत घेतली होती. २००२ मध्ये गीआ बेटाच्या रहिवाशांनी सुमारे ४० लाख पौंडांना आपले बेट घेतले. त्यातील १० लाख पौंड ही परतफेडीची रक्कम होती आणि ती त्यांनी दोन वर्षांच्या मुदतीत चुकती केली. अशा घडामोडींतून स्कॉटलंडच्या संसदेने २००३ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला. ग्रामीण भागातील जमीन विक्रीस निघाली तर तेथील नोंदणीकृत समाजाला ती घेण्याचा पहिला हक्क या कायद्याने मिळाला. आज स्कॉटलंडमध्ये ५ लाख एकरांहून अधिक जमीन अशा सामुदायिक संस्थांकडे आहे. संपूर्ण देशाच्या मानाने हे प्रमाण अल्पच आहे, कारण तेथील खाजगी ग्रामीण जमिनीचा निम्मा भाग आजही अवघ्या काहीशे मालकांच्या हाती आहे.

ताळेबंदाची एकच बाजू दाखविणे हिशेबनीसाला शोभत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. गीआमध्ये घरे सुधारण्यासाठी काढलेल्या कर्जाचा भार पुढे न्यासाला जड गेला. एगवरही घरांची टंचाई आहे. येऊन राहू इच्छिणारे पुष्कळ, पण त्यांना देण्यास घर नाही. सागरी प्रदेशात बांधकामाचे सामान बोटीने आणावे लागत असल्याने एक घर बांधण्याचा खर्च मुख्य भूमीपेक्षा बराच अधिक येतो. यंत्रे जुनी होतात. अनुदानातून उभारलेल्या मालमत्तेचा घसारा बाजूला काढून ठेवण्याची सवय अनेक सेवाभावी संस्थांना नसते, आणि वीस वर्षांनी यंत्र बदलण्याची वेळ आली की पुन्हा देणगीदारांचे दार ठोठवावे लागते. शिवाय शंभरच्या आसपास माणसांच्या वस्तीत शाळा, वीज, घरे, वने, धक्का या सर्वांच्या समित्यांवर तीच ती माणसे असतात. आज जो संचालक, तोच उद्या भाडेकरू म्हणून अर्ज करणार आणि परवा शेजारी म्हणून चहाला येणार. अशा ठिकाणी 'नाही' म्हणणे किती अवघड असते, हे समाजसंस्थांत काम केलेल्यांना सांगायला नको.

इतके असूनही खात्याची अखेरची शिल्लक जमेचीच आहे. पासष्टवर आलेली लोकसंख्या आज शंभरापलीकडे गेली आहे. बेट सोडून गेलेल्यांची काही मुले परत येऊन तेथे संसार थाटीत आहेत. एखाद्या गावाच्या पतदर्जाचे याहून विश्वसनीय मोजमाप मला ठाऊक नाही. तरुण माणूस कर्ज काढून घर बांधतो तेव्हा तो केवळ हप्त्यांची हमी देत नाही. आपण येथेच राहणार आहोत, असे तो लिहून देत असतो. आणि जो राहणार असतो, तोच रोपाभोवती कुंपण घालतो.

संवर्धनाची पुष्कळशी भाषा आपल्याला मनाईची भाषा म्हणून परिचित आहे : तोडू नका, शिरू नका, बांधू नका. एगच्या लोकांना प्रथम राहण्याची हमी मिळाली आणि मग मनाई त्यांनी आपणहून स्वीकारली. ५ किलोवॅटची असो किंवा चराईची असो. हा क्रम उलटा असता तर नियम कागदावर राहिले असते आणि माणसे बोटीत बसून निघून गेली असती.

आपण कोणत्याही संस्थेला निसर्गकार्यासाठी देणगी देतो तेव्हा किती झाडे लावली, हे अहवालात आवर्जून पाहतो. यापुढे आणखी तीन गोष्टी विचाराव्यात असे सुचवावेसे वाटते. ती जमीन कोणाच्या नावावर आहे? निर्णयाच्या सभेत तेथे राहणाऱ्यांना किती मते आहेत? आणि आज झाडाला पाणी घालणारा माणूस वीस वर्षांनंतर तेथेच राहू शकेल, याची लेखी तजवीज केलेली आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर देणगीचा धनादेश निःशंक मनाने लिहावा.